‘कशाच्या ऐवजी?’ : आहाराविषयीचे संशोधन इंटरनेटवर शोधताना

एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या आईंचे वय 62 असून त्यांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असते असे वाचून त्यांनी रोजचे पेलाभर दूध बंद केले आणि त्या जागी नाचणीची आंबील सुरू केली. दिवसातून दोनच वेळा जेवल्याने साखर आटोक्यात राहते, हे ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशा एका संदेशावर विसंबून मधले खाणेही सोडले. मुलीने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा दोन्ही गोष्टींच्या बाजूने आणि विरोधात सारखेच ठाम लेख सापडले. मूळ संशोधनापर्यंत स्वतः पोहोचायचे असेल तर कुठे शोधावे, कसे शोधावे आणि सापडलेले कसे वाचावे, असे तिने विचारले आहे.

मी आहारतज्ज्ञ म्हणून 22 वर्षे काम करते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत जवळजवळ रोज ऐकते, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

दोन्ही बाजूंचे लेख सापडले यात गूगलचा दोष फारसा नाही. शोधयंत्र आपण टंकलेल्या शब्दांशी जुळणारी पाने समोर आणते. ‘नाचणी दुधापेक्षा चांगली’ असे लिहिले की तसे मानणाऱ्यांची पाने येतात, ‘नाचणीचे तोटे’ असे लिहिले की दुसऱ्या पंथाची येतात, आणि दोन्ही वेळा आपल्याला वाटते की आपण चौकशी केली. म्हणून फोन हातात घेण्यापूर्वी कागदावर पूर्ण प्रश्न लिहावा, असे मी शिकाऊ विद्यार्थिनींना सांगते: कोणी खाल्ले, काय खाल्ले, किती आणि किती दिवस खाल्ले, कशाच्या ऐवजी खाल्ले आणि शेवटी मोजले काय. वैद्यकीय संशोधनात या मांडणीला ‘पिको’ म्हणतात. औषधाच्या बाबतीत ‘कशाच्या ऐवजी’ याचे उत्तर सोपे असते, कारण समोरच्या गटाला बहुधा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिलेली असते. अन्नाचे तसे नाही. पोटात जागा ठरावीक असते, त्यामुळे एक भाकरी वाढली की कुठेतरी एक पोळी, वाटीभर भात किंवा पेलाभर दूध कमी होते आणि फायदा किंवा तोटा त्या अदलाबदलीचा असतो. आहाराविषयीचे निम्मे वाद हा एक रकाना रिकामा ठेवल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

तुमचा नाचणीचा प्रश्न या कसोटीला लावला तर त्यात दोन वेगळे प्रश्न असल्याचे दिसेल. नाचणीत कॅल्शियम किती आहे, हा एक आणि ती खाल्ल्यावर शरीराला किती मिळते, हाडांचे काय होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अन्नघटकांच्या कोष्टकात असते, दुसऱ्याचे शोधनिबंधांत. पहिला प्रश्न घेऊन शोधनिबंध धुंडाळत बसणे म्हणजे किराणा दुकानात भाजी मागणे.

भारतीय अन्नपदार्थांसाठी विश्वासाचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आहे. 1918 साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी उघडलेल्या एका छोट्या विभागातून ही संस्था वाढली आणि 1958 मध्ये हैदराबादला आली. तिची जुनी कोष्टके 1971 पासून वापरात होती. त्यानंतर 2017 मध्ये पूर्णपणे नव्याने तपासणी करून ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’ निघाली. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून 528 पदार्थांची त्यात नोंद आहे. या कोष्टकानुसार 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि 100 ग्रॅम गाईच्या दुधात 118. म्हणजे तिप्पट हा आकडा खरा आहे, संदेश पाठवणाऱ्याने काहीही खोटे सांगितलेले नाही.

आता स्वयंपाकघरात या. कोष्टकातली नाचणी कोरडी आहे आणि दुधात 85 टक्क्यांहून जास्त पाणी आहे. आपण दूध 200 मिलिलीटर पितो, पण नाचणीचे पीठ 200 ग्रॅम खात नाही. मध्यम आकाराच्या एका भाकरीला 45 ग्रॅमच्या आसपास पीठ लागते, त्यातून साधारण 164 मिलिग्रॅम कॅल्शियम येते. वाटीभर आंबिलीला दोन मोठे चमचे, म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास पीठ लागते आणि त्यातून येते 73 मिलिग्रॅम. पेलाभर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळत होते. आईंनी दुधाच्या ऐवजी आंबील घेतली तेव्हा, तिप्पट असण्याची गोष्ट शंभर टक्के खरी असूनही, त्या घासाबरोबर मिळणारे कॅल्शियम एक तृतीयांशाच्याही खाली आले. प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस 2010 मध्ये दिवसाला 600 मिलिग्रॅम होती, ती 2020 मध्ये 1000 करण्यात आली आहे, हे लक्षात घेतले तर हा फरक किरकोळ नाही. वजनाच्या मागे दडलेला हा घोळ फक्त नाचणीचा नाही. अळिवात शंभर ग्रॅममागे 100 मिलिग्रॅम लोह असल्याचा जुन्या कोष्टकातला आकडा बाळंतिणीच्या आहारावरच्या प्रत्येक मराठी पानावर दिसतो. तो जसाच्या तसा धरला तरी दिवसाला एक लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या पोटात अळीव जाते चमचाभर.

जुन्या कोष्टकाचा विषय निघालाच आहे तर माझी एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका महिला मंडळात रक्तक्षयावर बोलताना शंभर ग्रॅम गुळात 11 मिलिग्रॅम लोह असते, असे मी सांगितले. समोर बसलेल्या एका निवृत्त प्राध्यापिकेने शांतपणे विचारले, ‘हा आकडा कोणत्या सालचा?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो मी आदल्या रात्री एका संकेतस्थळावरून उतरवून घेतला होता. घरी येऊन पाहिले तर 2017 च्या कोष्टकात उसाच्या गुळाला 4.63 दिले होते. म्हशीच्या दुधातले कॅल्शियमही जुन्या पुस्तकात 210 आहे आणि नव्यात 121. वाण बदलतात, जनावरांचा चारा बदलतो, तपासणीच्या पद्धती सुधारतात आणि आकडे बदलतात, यात कोणाची लबाडी नाही. अडचण अशी की इंटरनेटवर जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी राहतात आणि त्यांच्या अंगावर तारीख नसते. आकड्याबरोबर कोष्टकाचे नाव आणि साल नसेल तर मी तो आकडा वापरत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे ‘फूडडेटा सेंट्रल’ हे कोष्टकही मोफत आहे आणि बदाम, सफरचंद, ओट्स अशा पदार्थांसाठी उत्तम आहे. मात्र तिकडच्या मैद्यात लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात, दुधात ड जीवनसत्त्व मिसळलेले असते. फोनमधली कॅलरी मोजणारी बरीच अ‍ॅप याच कोष्टकावर चालतात. त्यामुळे आपल्याकडच्या साध्या मैद्याच्या नानकटाईत ती भरघोस लोह दाखवतात. एका मुलीने मला आपला आठवड्याचा तक्ता मोठ्या समाधानाने दाखवला होता; तिचे हिमोग्लोबिन 8 होते.

आता दुसरा प्रश्न, खाल्ल्यावर काय होते याचा. यासाठी पहिला थांबा पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सूची 1997 पासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. ही सूची आहे, पुस्तकांचे कपाट नव्हे. तिथे बहुतेक निबंधांचा फक्त सारांश दिसतो आणि पूर्ण निबंधाकडे जाणारा दुवा मिळतो. पबमेडमध्ये नोंद असणे ही गुणवत्तेची मोहोरही नाही. ‘पबमेडवर आहे’ हे वाक्य पुराव्यासारखे फेकले जाते तेव्हा समोरच्याने सारांशही उघडलेला नाही, असा माझा अनुभव आहे.

मराठी माणसाची पहिली अडचण इथे नावांची असते आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे जी नाचणी, तीच नाशिककडे नागली आणि कर्नाटकाच्या सीमेवर रागी. इंग्रजी निबंधांत ती ‘फिंगर मिलेट’ असते आणि वनस्पतिशास्त्रात ‘एल्युसिनी कोराकाना’. या पाचांपैकी एकच नाव टाकले तर उरलेल्या नावांखालचे काम हाती लागत नाही. कुळीथ किंवा हुलगा यांचे शास्त्रीय नावच मध्यंतरी बदलले. जुन्या निबंधांत ते ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ आहे, नव्यांत ‘मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम’. उपासाच्या भगरीचे प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचे आहे, कारण वरी आणि सावा ही दोन वेगळी धान्ये बाजारात भगर किंवा वरईचे तांदूळ याच नावाने विकली जातात, मग भगरीचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे ती खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते त्याचा आकडा, शोधणाऱ्याने तो नेमका कशाचा शोधला हे कळत नाही. कोकमासाठी ‘गार्सिनिया इंडिका’ असे पूर्ण नाव टाकावे. नुसते ‘गार्सिनिया’ टाकले तर वजन कमी करण्याच्या गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या दुसऱ्याच भावंडाचे निबंध ढिगाने येतात. शोधाला बसण्यापूर्वी पदार्थाची मराठी, हिंदी, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी सगळी नावे एका ओळीत लिहून घ्यावीत. माझ्या वहीची शेवटची सहा पाने अशाच नावांनी भरलेली आहेत.

ती नावे पबमेडमध्ये रोमन लिपीत टाकताना दोन शब्दांचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, पर्यायी नावे ‘ऑर’ने जोडून त्यांना कंस घालावा आणि त्यापुढे ‘अँड’ लावून कॅल्शियम हा शब्द लिहावा. ही दोन्ही जोडपदे मोठ्या अक्षरांत लिहायची असतात. पबमेड आपण टंकलेल्या साध्या शब्दांना स्वतःहून समानार्थी शब्द आणि आपल्या विषयसूचीतले शीर्षक जोडत असते, मात्र अवतरणचिन्हे लावली की ते जोडणे थांबते. तुमच्या शब्दांचे त्याने नेमके काय केले ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर तपशिलात दिसते. तिथे एकदा डोकावण्याची सवय लावून घ्यावी, कारण कधीकधी आपण मागितले एक आणि यंत्राने समजून घेतले दुसरेच, हे तिथेच लक्षात येते.

निकाल शेकड्यांनी आले तर डावीकडच्या गाळण्या वापराव्यात. आधी पद्धतशीर आढावे, ज्यांत एका प्रश्नावरचे सर्व निबंध ठरलेल्या नियमांनी शोधून तपासलेले असतात, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने गट पाडून केलेल्या चाचण्या, आणि ‘ह्यूमन्स’ ही खूण. नाचणीच्या बाबतीत ही शेवटची खूण फार कामाची आहे, कारण तिच्यावरचे बरेचसे काम प्रयोगशाळेतल्या नळ्यांत किंवा उंदरांवर झालेले आहे. त्या कामाचा उपयोग नाही असे नाही. नाचणीतले फायटेट आणि ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतात, मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होते, हे अशाच कामातून कळते. पण ‘नळीत जास्त कॅल्शियम सुटे झाले’ यावरून ‘आईंची हाडे बळकट होतील’ इथपर्यंत जाण्यासाठी मधले चार जिने चढावे लागतात आणि वर्तमानपत्रातली बातमी ते एका उडीत चढते.

गूगल स्कॉलर मी दुसऱ्या क्रमांकावर वापरते. 2004 पासून चालू असलेल्या या साधनाचे जाळे पबमेडपेक्षा मोठे आहे. त्यात प्रबंध, परिषदांतले निबंध, कृषी विद्यापीठांची नियतकालिके असे सगळे येते. भारतीय धान्यांवरचे काम बहुतांशी गृहविज्ञान आणि अन्नतंत्र विभागांत होते. ते पबमेडमध्ये न दिसता इथे दिसते. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध पूर्ण वाचता येतात, तर ‘कृषिकोश’वर कृषी विद्यापीठांतले. परभणी, राहुरी, दापोली इथल्या विद्यार्थ्यांनी कोणत्या वाणाच्या पिठाची भाकरी किती दिवस कोणाला खाऊ घातली, याचे तपशील तिथे आढळतात. मात्र स्कॉलर वरच्या क्रमांकांवर बहुधा जास्त उल्लेख झालेले, म्हणजे पर्यायाने जुने निबंध दाखवते, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वगळत नाही. डावीकडे सालाची मर्यादा घातल्याशिवाय मी तिथे शोध घेत नाही.

पैसे घेऊन छापणे किती सोपे आहे, याचा नमुना 2015 चा आहे. जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने काही सहकाऱ्यांसह जर्मनीत जेमतेम 15 माणसांवर एक चाचणी केली, 18 गोष्टी मोजल्या, त्यांतली एखादी तरी योगायोगाने ‘लक्षणीय’ निघणारच या हिशोबाने निष्कर्ष लिहिला की चॉकलेटने वजन लवकर उतरते. निबंध छापून आला, बातम्या अनेक देशांत गाजल्या, मग त्याने स्वतःच सारा प्रकार उघड केला. संख्या कमी आणि मोजमापे फार, एवढे दोन आकडे सारांशात शोधले असते तरी कोणालाही शंका आली असती.

आता दोन वेळच्या जेवणाकडे येऊ, कारण वाचायचे कसे हे तिथे चांगले दाखवता येते. या दाव्याच्या समर्थनार्थ जो निबंध फिरतो, तो 2014 मध्ये ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात आलेला, चेक प्रजासत्ताकातला आहे. शीर्षकातच म्हटले आहे की टाइप-2 मधुमेहात दिवसातून दोन मोठी जेवणे सहा छोट्या खाण्यांपेक्षा परिणामकारक ठरली. संदेशवाले इथे थांबतात. तुम्ही पद्धतीचा भाग उघडा. 54 रुग्ण होते. प्रत्येकाने 12 आठवडे एक पद्धत आणि 12 आठवडे दुसरी पद्धत पाळली. दोन्ही पद्धतींत रोजच्या गरजेपेक्षा 500 कॅलरी कमी दिल्या होत्या. दोन जेवणे म्हणजे सकाळी 6 ते 10 मधली न्याहारी आणि दुपारी 12 ते 4 मधले जेवण. रात्रीचे जेवण नव्हते. वजन दोन्हीकडे उतरले, सहा वेळा खाताना सरासरी 2.3 किलो आणि दोन वेळा खाताना 3.7 किलो.

हा चांगला अभ्यास आहे आणि त्याचा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण तो ‘कशाच्या ऐवजी’ होता ते पाहा. सहा वेळा खाण्याच्या ऐवजी, कमी कॅलरींच्या मर्यादेत, रात्रीचे जेवण वगळून. तुमच्या आई सकाळी अकराला आणि रात्री साडेआठला जेवत असतील, आधी त्या तीन वेळा खात असतील आणि ताटातले प्रमाण कोणी मोजत नसेल, तर हा अभ्यास त्यांच्याविषयी काही सांगत नाही. तो खोटा ठरत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. अशा वेळी त्या नोंदीखालचे ‘सिमिलर आर्टिकल्स’ आणि ‘साइटेड बाय’ हे दोन दुवे उघडावेत, म्हणजे त्याच्या आगेमागे, जवळच्या प्रश्नांवर कोणी काय केले ते दिसते. तिथून उपवासाच्या खिडक्या, लवकर जेवणे, न्याहारी वगळणे असे वेगवेगळे प्रवाह फुटतात आणि प्रत्येकाचा शोध वेगळ्या शब्दांनी घ्यावा लागतो. ‘दोन वेळा जेवण’ याचे इंग्रजी भाषांतर करून टाकले तर काही हाती लागत नाही, ‘मील फ्रीक्वेन्सी’ हा तिथला शब्द आहे. आपल्या बोलीतल्या गोष्टीला संशोधक काय म्हणतात हे एकदा कळले की अर्धा शोध झाला.

निबंध वाचताना मी सारांशातले शेवटचे वाक्य सर्वांत शेवटी वाचते. आधी पद्धत, मग पहिला तक्ता, ज्यात सहभागी माणसांचे वय, वजन, औषधे दिलेली असतात, मग आकडे, पैसा कोणी दिला ती ओळ, आणि त्यानंतर लेखकांचे म्हणणे. पूर्ण निबंध मोफत हवा असेल तर पबमेडच्या ‘फ्री फुल टेक्स्ट’ या गाळणीने ‘पबमेड सेंट्रल’ या मोफत साठ्यातले निबंध मिळतात, ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे जोडसाधन बसवले तर इतरत्र ठेवलेली कायदेशीर मोफत प्रत दिसते, आणि यातले काहीच जमले नाही तर लेखकाला दोन ओळींचे पत्र पाठवावे. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. घरात कोणी सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकत असेल तर केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून 2025 पासून हजारो नियतकालिके त्यांना खुली झाली आहेत. ही सोय अनेक विद्यार्थ्यांना माहीतच नसते.

नोंदीच्या वर निबंध मागे घेतल्याची तांबडी पट्टी आहे का, तेही पाहावे. भूमध्यसागरी आहारावरचा स्पेनमधला ‘प्रेडिमेड’ हा प्रचंड अभ्यास, 7447 माणसांचा, 2013 मध्ये छापून आला आणि ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांवरच्या अर्ध्या जाहिराती त्यावर उभ्या राहिल्या. पुढे लक्षात आले की गट पाडताना काही ठिकाणी चिठ्ठ्यांचा नियम मोडला होता. एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात घातले होते आणि एका ठिकाणी तर अख्ख्या दवाखान्याला मिळून एकच आहार दिला होता. 2018 मध्ये मूळ निबंध मागे घेऊन फेरविश्लेषणासह तो पुन्हा छापण्यात आला. निष्कर्षाची दिशा तशीच राहिली, भाषा मात्र मवाळ झाली. इंटरनेटवरच्या आहारलेखांत आजही 2013 चीच प्रत उद्धृत होते, पबमेडवर मात्र ती मागे घेतल्याचे ठळकपणे दिसते.

दोन्ही बाजूंचे निबंध का सापडतात याचे एक उत्तर 2013 च्याच एका मजेदार निबंधात आहे. दोन संशोधकांनी पाककृतींच्या पुस्तकातून 50 घटक निवडले आणि प्रत्येकाचा कर्करोगाशी संबंध सांगणारे निबंध शोधले. 40 घटकांवर असे निबंध सापडले आणि अनेक घटक कुठे धोका वाढवणारे तर कुठे कमी करणारे ठरले होते. लोक काय खातात याच्या प्रश्नावली भरून घेऊन पुढे कोणाला काय झाले ते पाहणाऱ्या अभ्यासांत हे होणारच, कारण अधिक पालेभाजी खाणारा माणूस बहुधा चालायलाही जातो आणि तंबाखूही कमी खातो. म्हणून नुसत्या निरीक्षणावर आधारलेल्या एकाच निबंधाने मी कोणाचे ताट बदलत नाही.

भारतात चालू असलेल्या चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ या संकेतस्थळावर 2007 पासून ठेवली जाते. एखाद्या पावडरीच्या डब्यावर ‘वैद्यकीय चाचणीने सिद्ध’ लिहिले असेल तर तिचे नाव तिथे टाकून पाहावे. नोंद सापडली तर मोजायचे काय ठरले होते ते आधीच लिहिलेले असते आणि जाहिरातीत भलतेच मोजमाप मिरवले जात असेल तर कळून येते. वैद्यकीय विषयांवर पद्धतशीर आढावे काढणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांशही वाचण्यासारखे असतात, पण आपल्या धान्यांवर तिथे फार काही मिळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी आता शोधाच्या वरच तिचे तयार उत्तर येते म्हणून लिहिते. मी तिचा उपयोग पदार्थांची पर्यायी नावे काढायला आणि निबंधातली अवघड संज्ञा समजून घ्यायला करते. आकडे आणि संदर्भ तिच्याकडून घेत नाही, कारण अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावे ती अतिशय सुबक रीतीने तयार करते. खऱ्या संशोधकाचे नाव, खरे नियतकालिक आणि निबंध मात्र कधीच न लिहिला गेलेला. 2024 मध्ये गूगलच्या अशा सारांशाने रोज एक छोटा दगड खाण्याचा सल्ला दिला होता, तो एका विनोदी संकेतस्थळावरच्या लेखातून उचललेला होता. तिने दिलेले शीर्षक जसेच्या तसे पबमेडमध्ये टाकावे. तिथे, स्कॉलरमध्ये आणि त्या नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही सापडले नाही तर तो संदर्भ बाद समजावा.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र इंटरनेटवर बसण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पहिली, आणि ही आजच, त्या कोणत्या गोळ्या घेतात ते पाहा. ग्लिमेपिराईडसारख्या साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना मधले खाणे स्वतःच्या मनाने सोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे असे काही होत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, होत नसले तरी जेवणाच्या वेळा बदलल्याचे या आठवड्यातच सांगा. दुसरी, तीन दिवस त्या काय, किती वाजता आणि किती खातात ते लिहून काढा. आंबिलीसाठी घेतलेले पीठ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला, चमच्याने मोजू नका, कारण प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो.

तिसरी म्हणजे आंबील कशात करतात ते विचारा. आमच्या घरी पीठ रात्री भिजवून सकाळी शिजवले जाते आणि वरून वाटीभर ताक घातले जाते. तशी करत असतील तर दूध पूर्ण बंद झालेले नाही, ते ताकाच्या रूपाने परत आले आहे. ते ताक किती घट्ट आणि किती वाटी, हे त्याच कागदावर लिहा. नुसत्या पाण्यात मीठ-जिरे घालून करत असतील, तर दूध पुन्हा सुरू करायचे की आंबिलीत ताक वाढवायचे, हे तो कागद समोर ठेवून ठरवता येईल.